वायर पोचेल तिथवर

मूल दोन वर्षांचं, म्हणजे घर सोडून लांब शूटिंगला जायची सोय नाही. फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दाने मग घरच्या विजेला ८०-९० मीटरची वायर जोडली आणि ठरवून टाकलं, वायर पोचेल तिथवर सिनेमा. पॅरिसमधल्या रू दागेर या तिच्या राहत्या रस्त्यावरचे पाववाला, खाटीक, शिंपी त्या टप्प्यात आले. अत्तरं विकणारं एक म्हातारं जोडपंही आलं. त्यातली म्हातारी दिवेलागणीला अस्वस्थ होते, दाराशी जाते, कुठेतरी निघाल्यासारखी उभी राहते, आणि मग आत वळते. १९७०च्या दशकातला हा माहितीपट म्हणजे ‘दागेरेओटाइप’.

‘अडचणीचं सोनं केलं’ असं म्हणून मोकळं होता येईल, पण मला ते कौतुक खटकतं. या वायरला वार्दाने स्वतःच नाळेची उपमा दिली होती, आणि नाळ बांधूनही ठेवते. तिचा नवरा जाक दमी हाही नावाजलेला दिग्दर्शक. त्याची वायर किती मीटरची, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही! वार्दाचं मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत दिसतं. आपण बांधलेल्या आहोत हे तिने लपवलं नाही, उलट दोरीची लांबी मोजून सांगितली.

मुळात ती फोटोग्राफर. फारसे सिनेमे न पाहताच तिने ‘ला प्वँत कूर्त’ हा पहिला सिनेमा केला, १९५५ साली. त्रुफो-गोदार या दिग्दर्शकांचे पहिले मोठे सिनेमे यायला अजून चार-पाच वर्षं होती. तरी फ्रेंच सिनेमातली ‘न्यू वेव्ह’ म्हटलं की आपल्या तोंडी आधी त्यांचीच नावं येतात.

सत्तरी ओलांडल्यावर, २००० साली, तिने छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन सरवा वेचणाऱ्यांवर माहितीपट केला. काढणीनंतर रानात उरलेलं वेचायचं, तो सरवा. व्यापाऱ्यांनी आकार बेढब म्हणून टाकलेल्या बटाट्यांच्या ढिगात तिला पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे बटाटे सापडतात आणि ती हरखून जाते. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात बटाटा. आणि त्या हातावरच्या सुरकुत्याही ती जवळून टिपते. एकदा कॅमेरा बंद करायचा राहिला, तर लेन्सच्या लोंबणाऱ्या झाकणाचा नाचही तिने सिनेमात ठेवला. तोही सरवाच.

बटाटे तिने घरी नेले, सुकू दिले, त्यांना कोंब फुटू दिले. २००३च्या व्हेनिस बिएनालेत तिने बटाट्यांचंच मांडणशिल्प केलं आणि पंच्याहत्तराव्या वर्षी बटाट्याचा पोशाख घालून तिथे हिंडली.