हिनामिझावातलं वाळीत टाकलेलं घर

हिनामिझावा हे डोंगराच्या कुशीतलं जेमतेम दोन हजार वस्तीचं खेडं. साल 1983, महिना जूनचा. शहरातून नुकताच राहायला आलेला केइइची हा मुलगा सगळ्या इयत्तांची मुलं एकाच वर्गात बसतात अशा शाळेत जातो. तिथल्या चार मैत्रिणींबरोबर पत्ते खेळतो, हरतो आणि हरल्याची शिक्षा म्हणून तोंडावर रंगरंगोटी करून घेतो. 'हिगुराशी नो नाकू कोरो नी' या मालिकेची सुरुवात इतकी गोड आहे की घरातलं कुणी मागून डोकावलं तर लहान मुलांचं कार्टून समजून निघून जावं. मग कळतं की गावाच्या देवाच्या, ओयाशिरो-सामाच्या उत्सवाला गेली चार वर्षं दर वेळी एक माणूस मरतं आणि एक नाहीसं होतं. मुलगा मैत्रिणींना विचारतो. त्या म्हणतात, असं काही झालंच नाही.

ही कथा मुळात टीव्हीची नाही. र्यूकिशी झिरो-सेव्हन या टोपणनावाने लिहिणारा एक सरकारी नोकर आणि त्याची चार-दोन मित्रमंडळी यांनी ती वाचायच्या संगणक-खेळाच्या रूपात केली. 2002च्या ऑगस्टमध्ये तोक्योच्या कॉमिकेत या हौशी प्रकाशकांच्या जत्रेत तिचा पहिला भाग विकायला ठेवला, आठवा आणि शेवटचा 2006च्या ऑगस्टमध्ये आला. चित्रं लेखकाने स्वतःच काढलेली, आणि ती खरोखर वाईट आहेत. माणसांचे हात पाहवत नाहीत. खेळ म्हणावं तर त्यात वाचणाऱ्याला निवडायला काहीच नाही. पहिल्या चार भागांत कोडी, पुढच्या चारांत उत्तरं, आणि मधल्या काळात वाचकांनी आपसांत डोकं फोडायचं. 2006 साली स्टुडिओ डीनने चिआकी कोन यांच्या दिग्दर्शनाखाली या खेळावरून टीव्हीसाठी 26 भाग केले, 2007 साली 'काई' या नावाने आणखी 24. संगीत केंजी कावाई यांचं. नावातला हिगुराशी म्हणजे उन्हाळ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला ओरडणारा सिकाडा. त्याचा आवाज मालिकाभर मागे चालू असतो आणि तो थांबला की आपण सावध होतो.

मी ही मालिका पाहिली ती भाचीच्या आग्रहाने. ती म्हणाली, "मामा, पहिल्या चार भागांत कंटाळलास तर सोडून दे." चौथ्या भागाअखेर केइइची बेसबॉलच्या बॅटने दोन मैत्रिणींना मारून टाकतो आणि स्वतःही मरतो. पाचव्या भागात पुन्हा तोच जून, सगळे जिवंत, आणि पत्त्यांचा डाव मांडलेला. इथे सोडणं शक्य नव्हतं.

त्या पहिल्या चार भागांतला एक प्रसंग. केइइची आजारी म्हणून घरी आहे. मिओन आणि रेना या त्याच्या मैत्रिणी त्याच्यासाठी ओहागी, म्हणजे चिकट भात आणि गोड शेंगवर्गी सारणाचे गोळे, घेऊन येतात. गोळा तोंडात घातल्यावर त्याला सुई टोचते. तो उरलेले गोळे भिंतीवर भिरकावतो. इथून पुढे प्रत्येक गोष्ट पुरावा ठरत जाते: दारातलं हसू, मागून येणारी पावलं, हातातली सिरिंज. पुढे, वेगळ्याच एका जूनमध्ये, उलगडतं की गोळ्यात घातला होता तो तिखट सॉस, मुलींची नेहमीची चेष्टा. सिरिंज म्हणजे शिक्षेसाठी आणलेला जाड शाईचा पेन. आपण चार भाग जे पाहिलं ते घडलेलं नव्हतं. घाबरलेल्या मुलाला दिसलेलं होतं. कॅमेरा खोटं बोलत नाही अशी प्रेक्षकाची एक समजूत असते, तिचा इतका शांतपणे घेतलेला फायदा मी क्वचित पाहिला आहे.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते सुईने नव्हे, एका घराने.

हिनामिझावा बुडवून धरण बांधायची सरकारची योजना होती. गाव लढलं आणि जिंकलं. सोनोझाकी, किमियोशी आणि फुरुदे ही तीन मानाची घराणी लढ्यात पुढे होती. होजो नावाच्या एका कुटुंबाने मात्र भरपाई घेऊन निघून जाऊ असं उघड म्हटलं. धरण रद्द झालं, होजो नवरा-बायको कड्यावरून पडून गेले, पण गावाने त्यांची दोन पोरं, सातोशी आणि केइइचीच्या चार मैत्रिणींतली सातोको, यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. ती काका-काकूंच्या हाती सापडतात. मारहाण चालते, ती गावाला ठाऊक असते.

या काल्पनिक गावाला खरं रूप दिलं आहे ते गिफू प्रांतातल्या शिराकावा-गोमधल्या ओगिमाचीने. उतरत्या गवती छपरांच्या तिथल्या घरांना 1995 साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. मालिकेचे चाहते तिथल्या हाचिमान देवळात नवसाच्या लाकडी पाट्यांवर या मुलींची चित्रं काढून टांगतात. परीक्षेत पास होऊ दे, सूनबाईचं बाळंतपण नीट होऊ दे, अशा मागण्यांच्या शेजारी. त्याच शोगावा नदीवर मिबोरो धरण आहे. तिथेही लोक वर्षानुवर्षं लढले. तिथे धरण झालं. बुडणाऱ्या गावांतली दोन जुनी चेरीची झाडं 1960 साली उपटून वर काठावर लावली, ती आजही फुलतात आणि लोक ती पाहायला जातात. लेखकाने खऱ्या गावांची हार जिंकण्यात बदलली, हे मला फार हुशारीचं वाटतं. हरलेल्या गावात फुटीर माणसाला दोष देणं समजण्यासारखं असतं. जिंकलेल्या गावाकडे तेही कारण उरत नाही.

शिराकावा-गोच्या छपरांचं गवत तीसेक वर्षांनी बदलावं लागतं. शंभर-दोनशे माणसं एकाच वेळी छपरावर चढतात आणि एक-दोन दिवसांत एक बाजू शाकारून होते. या सामुदायिक श्रमाला तिथे युई म्हणतात. पर्यटक त्याचे फोटो काढतात, आणि दृश्य आहेच तसं. पण ज्या गावात दोनशे हातांशिवाय डोक्यावर छप्पर राहत नाही, तिथे ते हात काढून घेणं ही केवढी शिक्षा असेल! जपानी खेड्यांतल्या जुन्या बहिष्काराचा रिवाज असा की आग लागली किंवा मयत झालं तरच त्या घरी जायचं, एरवी सगळं बंद. ही काही फक्त शोगुनांच्या काळातली गोष्ट नाही. 1952 साली शिझुओका प्रांतातल्या एका गावात निवडणुकीतला गैरप्रकार एका शाळकरी मुलीने वर्तमानपत्राला कळवला, तर गावाने तिच्या घराशीच संबंध तोडले. त्यावर पुढच्या वर्षी चित्रपट निघाला.

वाळीत टाकणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. माझ्या आजोळी शिमग्यात पालखी घरोघर जायची. एका घरासमोर मात्र ती थांबत नसे. त्या घरातली बाई दर वर्षी अंगण सारवून, रांगोळी घालून, ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. ढोल वाजत पुढे जायचे. मी आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "गावकीचं आहे ते." काय भांडण, कधीचं, कुणाशी, हे आजीलाही नीट माहीत नव्हतं, आणि मला वाटतं गावात फारसं कुणालाच नसावं. पुढे ते कुटुंब मुंबईला गेलं. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 साली केला, म्हणजे ते घर बंद होऊन बरीच वर्षं झाल्यावर.

म्हणूनच 'काई'मधलं 'मिनागोरोशी' हे प्रकरण मला सगळ्या मालिकेचा गाभा वाटतं. (ज्यांना मालिका कोरी पाहायची आहे त्यांनी इथे थांबावं.) सातोकोचा काका परत येतो आणि तिला घरात कोंडतो. आधीच्या एका जूनमध्ये केइइचीने याच काकाचा खून केला होता आणि त्यातून कुणाचंच भलं झालं नव्हतं. या वेळी मुलं बालकल्याण कार्यालयात अर्ज घेऊन जातात. अधिकारी सांगतो, आम्ही लक्ष ठेवून आहोत. मुलं दुसऱ्या दिवशी जास्त माणसं घेऊन जातात. मग आणखी. भयकथेत भाग खर्ची पडतात ते खुर्च्या, फायली आणि "वरिष्ठांशी बोलतो" यांवर. सरकारी नोकरी केलेल्या माणसालाच हे सुचावं.

अडतं ते गावाशी. होजोंच्या मुलीसाठी गाव कसं येणार? केइइची गावच्या बैठकीत उभा राहून भांडतो आणि तेव्हा उघड होतं की सोनोझाकींच्या म्हातारीच्या, ओर्योच्या मनात त्या पोरांविषयी राग कधीच उरलेला नव्हता. पण ती बोलली नाही, कारण घराण्याचा शब्द फिरवायचा कसा. गाव बोललं नाही, कारण म्हातारीला काय वाटेल. प्रत्येक जण दुसऱ्याच्या नसलेल्या रागाला भिऊन एका लहान मुलीशी वर्षानुवर्षं अबोला धरून होता. दर वर्षीच्या खुनांमागे आपणच आहोत असा समज सोनोझाकींनी दरारा राहावा म्हणून मुद्दाम पसरू दिला होता, त्याचीही भर यात पडली होती. सगळं गाव कार्यालयापुढे उभं राहतं तरी शेवटचं पाऊल सातोकोलाच टाकावं लागतं: मला मारतात, मला सोडवा, हे तोंडाने म्हणावं लागतं. ज्या मुलीचं कुणी कधी ऐकलं नाही तिला ते म्हणायला किती जड जातं, हे मालिकेने घाई न करता दाखवलं आहे.

या उंचीवरून खाली उतरल्यावर मिळणारं अधिकृत उत्तर मला पटत नाही. संशयाने माणसं पिसाळतात याचं कारण म्हणजे हिनामिझावाचा एक खास रोग, त्यावर गुप्त संशोधन, त्यामागे राजधानीतलं राजकारण, बंदुका घेतलेली माणसं. कोडं म्हणून सगळे धागे जुळतात, हे मान्य. पण रोग ठरला की गाव सुटतं. वाळीत टाकायला कुठलाही जंतू लागत नाही.

2020-21मध्ये 'गोउ' आणि 'सोत्सू' या नव्या मालिका आल्या. त्यांत चार मैत्रिणींतलीच रिका गाव सोडून मोठ्या शाळेत जाऊ पाहते आणि तिला अडकवून ठेवण्यासाठी पुन्हा पुन्हा जून घडवणारी, खून करवणारी व्यक्ती निघते ती सातोको. जुने चाहते खवळले, मीही त्यांच्यातलाच. भाचीचं म्हणणं वेगळं आहे: तिला सगळ्यांनी टाकलं होतं, मग शेवटची मैत्रीणही निघाली तर ती दुसरं काय करणार? तर्क म्हणून ठीक आहे. पण कार्यालयात मोठ्या कष्टाने तोंड उघडलेल्या मुलीला लेखकाने पुन्हा कट करणारी, गप्प बसणारी करून टाकलं, आणि त्यासाठी लागणारी खोली त्या भागांत नाही. रक्त मात्र भरपूर आहे. मी विचारणाऱ्याला 2007पर्यंतचं पाहायला सांगतो. भाची 'गोउ'सुद्धा पाहायला लावते.