भय कोणाला धरते?

कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबतो. घरधनी बाहेर गेलेला, आणि तो घरधनी म्हणजे साक्षात मृत्यू. भयकथेला याहून चांगली सुरुवात मिळणे अवघड. तरी ही गोष्ट वाचताना अंगावर काटा येत नाही. यम सोने, हत्ती, घोडे, हवे तेवढे आयुष्य देऊ करतो आणि हा पोर सगळे नाकारतो. ज्याला काही नकोच, त्याला मृत्यू धरणार कुठे?

'तुंबाड'मधला विनायक राव नेमका दुसऱ्या टोकाचा. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये आला. त्याचे बीज नारायण धारपांच्या कथेत आहे. वाड्याखाली दडलेला हस्तर हा शापित देव सोन्याचा धनी, पण अन्नाला कायमचा मुकलेला. पिठाची बाहुली खाण्यात तो गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मुद्रा पळवायच्या. विनायकाला तिथे कोणी ढकलत नाही. परत न येण्याचे वचन आईने घेतलेले असूनही तो मोठेपणी पुण्याहून आपल्या पायांनी येतो, आणि येतच राहतो. लोभ हा षड्रिपूंपैकी एक, हे प्रत्येक मराठी घरात ऐकलेले असते. म्हणूनच विनायक परका वाटत नाही. आणखी एक खेप करायला काय हरकत आहे, असे प्रेक्षकालाही वाटू लागते, तिथे चित्रपट जिंकतो.

नाट्यशास्त्राच्या परंपरेने वीररस उत्तम प्रकृतीकडे सोपवला आणि भयानक रस स्त्रिया व नीच प्रकृतीच्या माणसांकडे. ही वाटणी स्त्रियांवर अन्याय करणारीच. पण त्यामागचे निरीक्षण खोटे नाही: जो डगमगत नाही, त्याच्या खांद्यावर भयकथा उभी राहत नाही. ॲरिस्टॉटलच्या मते भय वाटते ते आपल्यासारख्याच माणसावर आपत्ती कोसळताना. धारपांच्या कथांमधले समर्थ हे पात्र अमंगळाशी झुंजते तेव्हा वाचकाला आधार वाटतो. धडधड होते ती समर्थांच्या आसऱ्याला आलेल्या साध्या माणसांसाठी.

मग भयकथेचा नायक पापीच हवा का? इथे विल्यम पीटर ब्लॅटी यांची १९७१ची 'द एक्झॉर्सिस्ट' ही कादंबरी मोलाची ठरते. फादर कॅरस हे धर्मगुरू आणि मानसोपचारतज्ज्ञही. त्यांची श्रद्धा डळमळलेली आहे, आई एकाकी मेल्याची टोचणी मनाला लागलेली आहे. रेगन या मुलीच्या तोंडून बोलणारा सैतान बरोबर तिथेच घाव घालतो. त्याला पकड मिळते ती लोभात नाही, मायेत. आसक्ती हेच दुःखाचे मूळ म्हणणाऱ्या दर्शनांना हे प्रकरण सोपे वाटेल, पण आईवरची माया आणि सोन्याची हाव यांना एकाच तराजूत घालणे मनाला पटत नाही.

शिवाय त्याच मायेच्या बळावर कॅरस अखेरीस सैतानाला स्वतःच्या देहात बोलावतात आणि खिडकीतून झेप घेतात. एक मूल वाचते. ही आत्महत्या की आत्मसमर्पण? कॅथलिक धर्माच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. ब्लॅटी स्वतः कॅथलिक होते. खिडकीखालच्या पायऱ्यांच्या तळाशी मरणाऱ्या कॅरस यांना त्यांनी मित्र फादर डायर यांच्याकडून पापमुक्ती देववली.