आमोसचा काळ आणि वीटभट्टीची उचल

पश्चिम आशियात युद्ध पेटले की बायबलमधील संदेष्ट्यांची वचने पुढे केली जातात आणि त्यांत आजच्या राष्ट्रांची नावे शोधली जातात. हे श्रद्धेपोटी होत असले तरी संदेष्ट्यावर त्यात अन्याय होतो. तो ज्यांच्याशी बोलला ती माणसे, तो राजा, तो बाजार, सारेच पुसले जाते. संदेश आधी त्याच्या काळात ऐकावा आणि मगच ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडमध्ये त्याचा अर्थ लावावा.

आमोसचेच पाहा. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यास इस्राएलच्या उत्तर राज्यावर दुसरा यराबाम राज्य करत होता. सीमा विस्तारल्या होत्या, धनिकांच्या घरी हस्तिदंती पलंग होते. अशा वेळी दक्षिणेतल्या तकोवाचा हा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा माणूस, बेथेलच्या राजमंदिरात येऊन बोलला. त्याचे आरोप नेमके होते: क्षुल्लक देण्यापायी गरीब विकला जातो, मापे-वजने खोटी आहेत, गव्हाबरोबर भूसही विकली जाते आणि गहाण घेतलेल्या वस्त्रांवर धनको वेदीपाशी खुशाल पसरतात. अमस्या याजकाने त्याला निघून जायला फर्मावले. पुढे इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरने शोमरोन घेतले. राज्य बुडेल हा आमोसचा इशारा या आरोपांतूनच निघाला होता.

गहाण वस्त्राची बाब किरकोळ नव्हती. भूमध्य समुद्राकाठच्या एका गढीत 1960 मध्ये इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचे एक खापर सापडले. त्यावर कापणी करणाऱ्या एका मजुराचा अर्ज आहे: नेमून दिलेले काम मी पुरे केले, तरी माझे वस्त्र काढून नेले, सोबतचे मजूर साक्ष देतील.

हा अर्ज आपल्याकडे परका वाटू नये. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा कातकरी आदिवासी कुटुंब वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेते. दिवाळीनंतर बायकामुलांसह भट्टीवर मुक्काम, विटा पाडून ती फेडायची. वही मालकाकडे. बाकी निघाली की पुढचा हंगामही बांधलेला. वेठबिगारीवर 1976 च्या कायद्याने बंदी आली, तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेला झगडावे लागले.

मग ख्रिस्ताविषयीच्या भाकितांचे काय, असा प्रश्न श्रद्धावंत विचारतील. यशयाने इम्मानुएलचे चिन्ह दिले ते दोन शत्रुराजांच्या स्वारीने धास्तावलेल्या यहूदाच्या आहाज राजाला, इ.स.पू. 734 च्या सुमारास. मत्तयाने ते येशूच्या जन्माला लावले. मत्तयाचा अर्थ मानणाऱ्यानेही आहाजची भीती पुसू नये. त्या संकटात देव सोबत होता म्हणूनच पुढच्या पिढ्यांना ते वचन आधाराचे वाटले. बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ वचनापर्यंत पोहोचण्याचा असा अभ्यासही भक्तीच आहे.

आमोसला आजच्या युद्धांचा भविष्यवेत्ता केले की आपण प्रेक्षक उरतो. त्याला त्याच्या बाजारात उभे केले की त्याचे बोट आपल्याकडे वळते. म्हणून ज्या मंडळीत आमोस वाचला जातो, तिने हंगामाअखेर, हिशेबाच्या दिवशी, भट्टीवर मजुराच्या बाजूने उभे राहावे आणि वही उघडायला लावावी.