सोंगाचे कापड

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती केली त्याला सोंगाचे कपडे शिवून घेण्याचा प्रसंग आला असावा. राजा खोटा असला तरी त्याची मखमल खऱ्या दुकानातूनच आणावी लागते, आणि दुकानदार काही खोटे नाणे घेत नाही.

आमच्या आळीत असा एक गृहस्थ आहे. दिवसा कचेरीत लेखनिक आणि रात्री शिवणयंत्रावर. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत त्याने शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी आणि गणेशोत्सवातल्या नाटकांसाठी जे शिवले, त्याची यादी अशी: मावळ्यांच्या दोन बाराबंद्या, पेशवाई थाटाचा एक अंगरखा, राणीची चोळी, परीचे पंख, संकासुराचा काळा वेष आणि पाणक्याचा एक सदरा. शिलाई तो घेत नाही. कापडही पुष्कळदा पदरचेच. एकदा मी त्याच्याकडे बसलो असताना त्याच्या वहिनी चहा घेऊन आल्या आणि पसरलेल्या मखमलीकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, एवढ्या पैशांत चार पोरांचे सदरे झाले असते. आणि हे सगळे एका रात्रीसाठी?"

त्याने सुई खाली ठेवली. "खरे आहे, वहिनी," एवढेच तो म्हणाला.

प्रश्न साधा होता, पण मला तो सोडीना. ज्या जगात उघडी माणसे आहेत, त्या जगात न झालेल्या परीला पंख शिवावेत काय? 'त्याचे पैसे, त्याची हौस' असे म्हणून मोकळे होता येईल. 'हौस बंद केली म्हणून तो पैसा गरिबांकडे गेला असता असे थोडेच आहे?' असेही विचारता येईल. परंतु ही वकिली उत्तरे झाली. त्यांनी वहिनींचे तोंड बंद होईल, समाधान होणार नाही.

आपल्या रंगभूमीला तर हा प्रश्न फार जुना आहे. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे वैभव आजही घरोघरी सांगितले जाते. बालगंधर्वांचे भरजरी शालू पाहून घरंदाज बायका आपली नेसण सुधारीत, आणि त्याच मंडळीच्या डोक्यावरच्या कर्जाचीही कथा लोक सांगतात. खोट्या राणीसाठी खरी जर वापरावी की नाही, याचा निकाल तेव्हाही लागला नाही.

मला वाटते, उत्तर शोधायचे तर मखमल बाजूला ठेवून शिवणीकडे पाहिले पाहिजे. बाराबंदी म्हणजे बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा. पुष्कळ ठिकाणी तिला पाठीमागे साखळी लावून वेळ मारून नेतात. प्रेक्षकांना दिसत नाही. आमचा हा गृहस्थ मात्र बंद शिवतो आणि बगलेत चौबगला घालतो. चौबगला नसेल तर मावळ्याने तलवार उगारताच बगल उसवते. शिवाय बंद बांधून घ्यायला मुलाला क्षणभर स्वस्थ उभे राहावे लागते. त्या क्षणात, आपल्याआधी कुणीतरी असेच उभे राहत असेल, हे त्याला अंगाने कळते. पुस्तकातून ते मी त्याला वर्षभर शिकवतो आणि पुष्कळदा त्याला कळत नाही.

संकासुराचे काय? त्याचे माप इतिहासात सापडणार नाही. पण कल्पनेला माप नसले तरी आत शिरणाऱ्या पोराला असते. त्याला श्वास घेता आला पाहिजे, समोरचे दिसले पाहिजे, पायात कापड अडकता कामा नये. राक्षसाचा वेष शिवणाऱ्यालाही एका मुलाची काळजी वाहावी लागते.

यादीतला सर्वांत अवघड कपडा पाणक्याचा सदरा ठरला. रंगभूमीवरचा गरीब नेहमी कोपरावर आणि गुडघ्यावर फाटलेला असतो, आणि त्याची ठिगळे रंगीत असतात. आमच्या गृहस्थाने मोंढ्यात जाऊन ओझी वाहणारी माणसे पाहिली. त्यांचा सदरा खांद्यावर विरलेला होता. कावडही खांद्यावरच बसते. म्हणून त्याने खांदा दगडाने घासघासून झिजवला. तेव्हापासून त्याला खांदे दिसू लागले. माझ्या वर्गातल्या मुलांचे दप्तराने फाटलेले सदरे तो आता रविवारी नीट करून देतो.

थोरांच्या चरित्रातही वहिनींचा प्रश्न सापडतो. १९२१ साली मदुरेला महात्माजींनी पूर्ण पोशाख सोडून पंचा स्वीकारला. अंगभर खादी घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्यापुढे आपण अंगभर कपड्यांत उभे राहणे त्यांना सहन होईना. पुढे १९८२ साली त्यांच्या जीवनावर 'गांधी' हा चित्रपट निघाला आणि १९८३ साली त्याच्या वेषभूषेबद्दल कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ज्याने कपडे टाकले त्याच्या चित्रपटाला कपड्यांचे पारितोषिक, हा योगायोग गमतीचा वाटेल. पण विचार करा. आगगाडीतला तो तरुण बॅरिस्टर आधी नीटनेटक्या सुटात दिसला नाही, तर पुढच्या पंचाचे मोल प्रेक्षकाला कसे कळणार? टाकलेले दाखवण्यासाठी ते कुणीतरी आधी शिवावे लागते.

एवढ्याने हिशेब मिटला असे मी म्हणणार नाही. पाणक्याचा सदरा उत्तम शिवला म्हणून मोंढ्यातल्या हमालाच्या अंगावर नवा सदरा चढत नाही. पाहणे आणि देणे यांत अंतर आहे. मात्र ज्याने पाहिलेच नाही त्याला काय द्यावे हेही कळत नाही, आणि नीट शिवलेले सोंग माणसाला पाहायला लावते. आपल्याच ऐटीसाठी शिवलेले सोंग तेवढे करीत नाही. तेथे वहिनींची तक्रार पूर्णपणे खरी मानली पाहिजे.

या दिवाळीत घरोघरी नव्या कपड्यांच्या घड्या मोडतील. मुले आरशापुढे उभी राहतील आणि किल्ल्यावर मातीचे मावळे चढतील. नव्या कपड्याचा आनंद निर्मळ आहे. तो कमी करण्याची माझी मुळीच इच्छा नाही. फक्त नवा सदरा अंगात घालताना, जुना कुठे झिजला होता तेवढे पाहावे. आणि मग गल्लीतून जाताना दुसऱ्याचा कुठे झिजला आहे, तेही.