उत्तर न देण्याची खेळी

कोणी टोचून बोलले की तुमच्या मनात उत्तर किती लवकर तयार होते, हे कधी पाहिले आहे का? समोरच्याचे वाक्य अजून पुरे झालेले नसते.

'गो' हा प्राचीन चिनी बैठा खेळ. १९ उभ्या, १९ आडव्या रेषांचा पट आणि काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. प्रतिस्पर्धी जिथे सोंगटी ठेवील, नवखा तिथेच उत्तर देतो. जाणकार कधीकधी ती जागा तशीच सोडून पटाच्या दुसऱ्या टोकाला खेळतो. जपानी भाषेत याला 'तेनुकी' म्हणतात. गंमत म्हणजे रोजच्या जपानी बोलण्यात याच शब्दाचा अर्थ अंगचोरपणा असा होतो!

मग शहाणपण कोणते आणि अंगचोरपणा कोणता? खेळाडू स्वतःला विचारतो: मी इथे गप्प राहिलो आणि त्याने इथेच आणखी एक खेळी केली, तर माझे किती जाईल? ते मला सोसेल का? सोसणार असेल तरच तो तिथून उठतो.

दिल्लीने अशी एक खेळी पाहिली आहे. मार्च १७३७ मध्ये यमुनेपलीकडे सादतखानाने मल्हारराव होळकरांच्या तुकडीला हरवले. थोरले बाजीराव त्याचा बदला घ्यायला तिकडे गेले नाहीत. आग्रा-मथुरेकडच्या मोगल फौजांना बगल देऊन ते थेट दिल्लीपाशी, तालकटोऱ्याच्या परिसरात येऊन ठाकले. शहर जाळण्याचा विचारही त्यांनी सोडून दिला. झालेले नुकसान त्यांनी सोसले होते, म्हणून हे जमले.

तालकटोऱ्यापासून आमचे सरोजिनी नगर काही किलोमीटरच. इथल्या बाजारात भाव करताना आपण 'राहू द्या' म्हणून पुढे निघतो, पण कान मागेच असतो, दुकानदार हाक मारील म्हणून. तुम्हीही हे केले असेल. याला निघणे म्हणत नाहीत.

माझेही तसेच झाले. गावच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी वाद झाला. मी त्याचे संदेश वाचणे बंद केले, ध्यानाला बसू लागलो आणि याला वैराग्य समजलो. डोळे मिटले की मात्र त्यालाच उत्तरे देत असे. तीन आठवड्यांनी संदेश उघडले. घराविषयी त्यात एक शब्दही नव्हता. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती आणि त्याने विचारले होते, "दादा, तू येशील ना?"

ती तारीख चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती.