धन कोणाचे, वाक्य कोणाचे

अणुवीजविरोधी चळवळीला तेल, वायू किंवा कोळसा उद्योगाचा पैसा मिळाला असेल, तर तिचे म्हणणे तेवढ्यावरून खोटे ठरते का? हा प्रश्न धनशुद्धीचा आहे, तसाच प्रमाणशास्त्राचाही. डेव्हिड ब्राउअर यांनी 1969 मध्ये अमेरिकेत स्थापलेल्या ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या संघटनेने अणुविजेला सातत्याने विरोध केला. तिला आरंभीची मदत अटलांटिक रिचफिल्ड या तेल कंपनीचे प्रमुख रॉबर्ट अँडरसन यांनी केली होती. ‘सिएरा क्लब’ या पर्यावरण संघटनेने 2007 ते 2010 या काळात कोळशाविरुद्धच्या मोहिमेसाठी वायू उद्योगाकडून अडीच कोटी डॉलरहून अधिक रक्कम घेतली. हे 2012 मध्ये उघड झाले.

खाल्ल्या मिठाला जागावे लागते. महाभारतात युद्धारंभी युधिष्ठिर आशीर्वादासाठी येतो, तेव्हा भीष्म कबूल करतात की माणूस अर्थाचा दास आहे आणि कौरवांच्या अर्थाने आपण बांधले गेलो आहोत. धर्म कोणाच्या बाजूला आहे हे जाणूनही ते कौरवांकडूनच लढले.

न्यायदर्शनात ‘आप्ता’चे वाक्य प्रमाण मानतात. जाणलेले जसेच्या तसे सांगण्याची ज्याची इच्छा, तो आप्त. हितसंबंध आले की या आप्तत्वाविषयी शंका येते. तरीही प्रत्यक्ष आणि अनुमान ही प्रमाणे उरतातच. किरणोत्सार मोजता येतो, भूकंपाचा धोका अभ्यासता येतो, विजेचा खर्च पडताळता येतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशा पडताळणीचा चांगला दाखला आहे. औंधचे पंतप्रतिनिधी आणि निजाम यांच्यासारख्या संस्थानिकांनी तिला साहाय्य केले. 1966 मध्ये पूर्ण झालेल्या या आवृत्तीत स्वीकारलेल्या श्लोकाखाली निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठभेद छापलेले आहेत. दाता कोणीही असो, वाचकाला निर्णय पानावरच तपासता येतो.

आरोपालाही हाच नियम लागू होतो. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी 2012 मध्ये कूडनकुळम अणुवीज प्रकल्पाच्या विरोधामागे परदेशी संस्था असल्याचे म्हटले होते. असा आरोप पुराव्याने सिद्ध करावा लागतो आणि एका चळवळीवरचा आरोप दुसरीला चिकटवता येत नाही. 9,900 मेगावॉटच्या जैतापूर प्रकल्पासाठी जमिनी गेल्या, तेव्हा माडबन परिसरातल्या अनेक शेतकऱ्यांनी भरपाईचे धनादेशच नाकारले. त्यांच्या शंकांना उत्तर द्यायचे तर ते सुरक्षिततेच्या आणि उपजीविकेच्या मुद्द्यांवरच द्यावे लागेल.

देणगीदार लपवणे हा श्रोत्याशी केलेला अधर्म आहे, मग ती चळवळ असो वा प्रकल्पाचा पुरस्कर्ता. मात्र युक्तिवादाचे खरेखोटेपण पुराव्यानेच ठरते. म्हणून दोघांनीही आपला हिशेब आणि आपला पुरावा लोकांसमोर एकत्र ठेवावा.