असल कोणती, नक्कल कोणती?

गेल्या हिवाळ्यात एका रात्री आमच्या मामेभावाचा फोन आला. तो अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. नोकरी करतो आणि उरलेला वेळ जुन्या मोटारीखाली पडून काढतो. खैरियत विचारून झाली आणि त्याने एकदम प्रश्न टाकला, "भाईजान, गाडी न बोलता खोटं बोलली तर गुन्हा कुणाचा?"

आम्हाला ती गंमत वाटली. मोटारींशी आमचा संबंध एस.टी.च्या पासपुरता. पण तो हसत नव्हता. त्याला गाडी विकायची होती आणि त्याची झोप उडाली होती. पुढचे दोन महिने आम्ही या एका गाडीसाठी जेवढे वाचले, तेवढे बी.एड.च्या परीक्षेसाठीही वाचले नसेल.

गाडी 1970 सालची शेवरोले शेव्हेल. अमेरिकेत अशा गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. मध्यम आकाराची, फार महाग नसलेली गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवायचे, एवढाच तिचा मंत्र. 1964 साली पॉन्टिअॅक कंपनीच्या अभियंत्यांनी टेम्पेस्ट या साध्या गाडीत 389 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे इंजिन बसवून 'जीटीओ' काढली. या आकाराच्या गाडीत 330 घन इंचांहून मोठे इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. त्यांनी ते इंजिन 'जादा पर्याय' म्हणून कागदावर दाखवले आणि नियमाला वळसा घातला. म्हणजे या घराण्याची सुरुवातच एका चलाखीने झाली. तरुण पोरांनी गाड्या उचलल्या, बाकीच्या कंपन्या धावत मागे आल्या. मग विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, 1973 साली तेलाचा तुटवडा पडला आणि आठ-दहा वर्षांत हा सारा थाट आटोपला. जे थोडक्यात आटोपते त्याची किंमत पुढे वाढते.

भावाने घेतलेल्या शेव्हेलवर 'एसएस' असा बिल्ला होता. 1970 साली एसएस 454 या प्रकारातले सर्वांत जबर इंजिन कंपनी 450 अश्वशक्तीचे म्हणून सांगत असे. बिल्ल्यासाठी भावाने बरेच जादा डॉलर मोजले. या सालच्या शेव्हेलच्या चासी नंबरात एसएसची खूण नसते, फक्त आठ सिलिंडरची मालिबू एवढेच त्यातून कळते. एसएस हा वरून घेतलेला पर्याय असे. खात्री करायची तर कारखान्यात गाडी जोडताना लावलेला कागद सापडावा लागतो. असा कागद पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर चिकटून राहिलेला असतो. दुसऱ्या वर्षी टाकी उतरवली, तेव्हा भावाला तो मिळाला. गंजाने खाल्लेला, पण वाचता येण्याजोगा. गाडी कारखान्यातून निघाली ती साधी मालिबू म्हणून, 307 घन इंचांचे किरकोळ इंजिन घेऊन. आत होते ते 454 मागाहून कुणीतरी ट्रकमधून काढून बसवलेले. बिल्लेही मागाहूनचे.

त्याने काय करावे? वैतागून ट्रकचे इंजिन विकले आणि त्या जागी नव्या जमान्याचे, अॅल्युमिनियमचे, फ्युएल इंजेक्शनचे शेवरोले इंजिन बसवले. पुढे-मागे डिस्क ब्रेक लावले, नवा गिअरबॉक्स घातला. वरून 1970, आतून आजची. अशा गाडीला तिकडे 'रेस्टोमॉड' म्हणतात. बिल्ले मात्र तसेच राहिले. काढायला वेळ झाला नाही, असे तो सांगतो.

रविवारी सकाळी एका बंद दुकानाच्या आवारात या शौकिनांचा मेळा भरतो. बॉनेट उघडी ठेवून कॉफीचे पेले हातात घेऊन चार-चार तास हुज्जत. भावाने एकदा फोनवरून आम्हाला ती सगळी ऐकवली. एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांनी आपली गाडी कारखान्यातून आली तशी ठेवली आहे, इतकी की कामगाराने खडूने केलेल्या खुणासुद्धा पुसलेल्या नाहीत. त्यांचे म्हणणे, "गाडी एकदाच असल असते. तू तिला मारलेस." समोर एक पंचविशीचा पोरगा, "तुमची गाडी तर ट्रेलरवरून येते. मग मेलेली कोणाची?" दोघेही खुल्या दिलाचे, पण मागे हटायला तयार नाहीत.

आम्हाला जाणवले ते असे की दोघे एकाच गोष्टीवर भांडत नाहीत. पोरगा गाडी काय करते ते सांगतो, गृहस्थ गाडी काय आहे ते सांगतात. कामगिरीचा वाद मोजपट्टीने मिटण्यासारखा आहे, आणि त्यात जुन्या गाडीची बाजू लंगडी पडते. त्या काळी अश्वशक्ती मोजायची रीत अशी होती की इंजिन गाडीबाहेर काढून ठोकळ्यावर ठेवायचे. एअर फिल्टर नाही, पूर्ण सायलेन्सर नाही, अंगावर कसले ओझे नाही. मग जो आकडा येईल तो जाहिरातीत. 1972 पासून गाडीत बसवलेल्या अवस्थेत मोजायला लागले, आणि आकडे एका रात्रीत कोसळले. आम्हा शिक्षकांना हे नवीन नाही. घरून लिहून आणलेल्या वहीचे गुण आणि पर्यवेक्षकासमोर लिहिलेल्या उत्तरपत्रिकेचे गुण यात जे अंतर, तेच हे. शिवाय त्या वेळच्या बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि टायर अरुंद. पळायला जोर भरपूर, थांबायला मात्र अल्ला मालिक. भावाची गाडी वळणावर आणि ब्रेकवर तिच्या असल बहिणींपेक्षा चांगली आहे, हे त्या गृहस्थांनाही मान्य आहे.

तरी ते मागे का हटत नाहीत? त्यांच्या लेखी गाडी ही साक्ष आहे. 1970 साली एका कामगाराने एखादा बोल्ट कसा आवळला, रंग कुठे ओघळू दिला, हे ती सांगते. साक्षीदाराची जबानी सुधारून घेतली तर ती जबानी राहत नाही. बाजारही हे जाणतो. 1971 साली हेमी इंजिनाच्या फक्त 11 प्लिमथ 'कुडा' उघड्या टपाच्या बनल्या, त्यातली एक 2014 साली 35 लाख डॉलरला गेली. एवढे पैसे काही तिच्या वेगाचे नव्हेत. उलट साध्या मालिबूसारखी, लाखोंनी निघालेली गाडी असेल तर नीट केलेला रेस्टोमॉड तिच्या असल रूपापेक्षा जास्त भाव खातो. म्हणजे बाजाराला आपला एक सिद्धांत नाहीच. त्याच्याकडून तत्त्वज्ञान शिकायला जाऊ नये.

इथे थीसियसच्या जहाजाची जुनी गोष्ट आठवते. अथेन्सकरांनी ते जहाज जपून ठेवले, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि हे तेच जहाज का, यावर तत्त्वज्ञ वाद घालू लागले, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. पुढे सतराव्या शतकात हॉब्सने त्यात भर टाकली की काढलेल्या जुन्या फळ्या जोडून कुणी दुसरे जहाज उभारले तर? आम्ही ही गोष्ट वर्गात सांगतो, मुलांना आवडते. पण शेव्हेलपुढे ती तोकडी पडते. अथेन्सचे लोक ते जहाज विकायला काढत नव्हते. विकायला काढले की 'हे तेच आहे का' या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न निघतो, 'हे तेच आहे असे समोरच्याला वाटू द्यायचे का'. पहिल्याचे उत्तर नाही मिळाले तरी माणूस जगतो. दुसऱ्याला उत्तर दिल्यावाचून गाडीची चावी हातातून सुटत नाही.

असलच्या कैवाऱ्यांना एक गोष्ट अडचणीची आहे. या गाड्यांत फेरफार करणे ही त्यांची परंपराच आहे. गाडी घेतलेला पोरगा पहिल्याच महिन्यात कार्ब्युरेटर बदलायचा. पेन्सिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा डॉन येन्को हा शेवरोलेचा विक्रेता कॅमेरो गाड्यांत 427 घन इंचांचे इंजिन बसवून विकत असे. आज येन्कोच्या गाड्या असलहून असल मानल्या जातात. तेव्हाचा फेरफार इतिहास आणि आजचा फेरफार खून, हा न्याय आम्हाला पटत नाही. पण येन्कोने आपले नाव गाडीवर घातले होते, हेही विसरता येत नाही.

आता 'बुलिट' या 1968 सालच्या सिनेमातल्या हिरव्या मस्टँगची कथा सांगितली पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीन जी पळवतो तीच. 1974 साली ती एका कुटुंबाने जाहिरात वाचून विकत घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. बाई शिक्षिका होत्या, त्या तिच्यातून शाळेत जात. (हे वाचून आमच्या स्टाफरूममध्ये बराच वेळ चर्चा झाली.) 1977 साली मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली, त्यांनी दिली नाही. पुढे ती बिघडून वर्षानुवर्षे पडून राहिली आणि 2018 साली जगासमोर आली. जानेवारी 2020 मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथल्या लिलावात तिचे शुल्कासह 37 लाख 40 हजार डॉलर आले. तिच्या अंगावर पोचे होते, रंग विटलेला होता आणि कॅमेरा बसवायला वेल्ड केलेल्या पट्ट्या तशाच होत्या. त्या पट्ट्या म्हणजे कारखान्याच्या गाडीतला फेरफारच. तरी त्या काढल्या असत्या तर किंमत घटली असती. म्हणजे असलपणा कारखान्याच्या दारात संपत नाही. गाडीवर खरोखर जे गुदरले, तेही त्यात मोजले जाते.

आणि तिची जुळी बहीण! चित्रीकरणात उड्या मारायला दुसरी मस्टँग वापरली होती, चासी नंबर अगदी लगतचा. ती नाहीशी झाली होती. 2017 च्या सुमारास मेक्सिकोत ती मोडकळीला आलेल्या अवस्थेत सापडली. मिळवणाऱ्यांचा बेत काय होता? तिला दुसऱ्याच एका सिनेमातल्या प्रसिद्ध मस्टँगची नक्कल बनवायचे. काम हाती घेतलेलेही होते. मग कुणीतरी थांबून नंबर तपासला. समजा, तपासला नसता. असलची नक्कल झाली असती आणि कुणाला कळलेही नसते. आम्ही त्या कारागिरांना गुन्हेगार म्हटले नसते, त्यांना माहीतच नव्हते. पण कापण्याआधी पाहून घ्यावे, एवढे कर्ज प्रत्येक जुन्या वस्तूचे आपल्यावर असते, असे आम्हाला वाटते. भावाने ते फेडले होते. त्याच्या गाडीत कापायला असल असे उरलेच नव्हते. म्हणून इंजिन बदलल्याबद्दल त्या गृहस्थांचा राग आम्हाला अनाठायी वाटतो.

राहिला बिल्ला. भावाचा युक्तिवाद असा, "मी जाहिरातीत एसएस लिहिणार नाही. कुणी विचारलं तर खरं सांगेन. नाही विचारलं तर मी कशाला बोलू? मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

हे ऐकून आम्हाला आमचाच एक प्रसंग आठवला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सातवीच्या एका मुलाने विज्ञान प्रकल्प आणला. थर्माकोलचे धरण, त्यात दिवा लागणारे. तो स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, हे आम्हाला ठाऊक होते. समोर नाव चिकटवलेले. विचारल्यावर मुलगा म्हणाला, "सर, मैंने बनाया ऐसा मैंने कब बोला?" खरेच त्याने तसे म्हटले नव्हते. चिठ्ठी म्हणत होती. आम्ही पूर्ण गुण दिले, कारण तपासणी तोंडावर होती आणि धरण टेबलावर शोभून दिसत होते. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली, ती मुलाची नव्हे, आमची. मागच्या बाकावर एका मुलीने मातीचे, तिरपे, गळके धरण स्वतः केले होते. ती आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती अजून आमच्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या दिवशी खोटे तिघेजण बोललो, आणि तोंड कुणीच उघडले नव्हते.

आम्ही भावाला हे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बिल्ला काढला तर दर उतरेल, भाईजान. मी भरलेले पैसे बुडतील. मला फसवलं त्याचं काय?" हा प्रश्न आम्हाला उडवून लावता येईना. त्याचे नुकसान खरे होते. ज्याने फसवले तो केव्हाच हाताबाहेर गेला होता, आणि उभा राहील तो गिऱ्हाईक अगदी भावासारखाच असणार, हौशी, हिशेबात कच्चा, बिल्ल्यावर भाळणारा. आम्ही एवढेच म्हणालो की तुझे पैसे त्याच्याकडे नाहीत.

तीन आठवड्यांनी त्याने फोटो पाठवला. पुढच्या जाळीतला आणि दोन्ही बाजूंच्या पंख्यांवरचे बिल्ले निघालेले. ज्या भोकांत ते अडकवले होते ती भोके पत्र्यात उघडी दिसत होती. टाकीवरचा कागद त्याने काचेत घालून मागच्या सीटवर ठेवला होता. रविवारच्या मेळ्यात त्या गृहस्थांनी कागद चष्मा चढवून पाहिला, 307 वाचून हसले आणि पहिल्यांदाच बॉनेट उघडायला सांगितले, असे भाऊ सांगत होता. पंचविशीचा पोरगा मात्र नाराज, बिल्ल्यावाचून गाडी नागवी दिसते म्हणतो.

गाडी अजून विकलेली नाही. दोन गिऱ्हाईके आली, एकाने दर फार पाडून मागितला. परवा भावाने विचारले, "भोकं बुजवून रंग मारू की तशीच ठेवू?" आम्ही म्हणालो, रंगाचा खर्च किती येतो ते आधी विचार.